दातवण, डुक्कर आणि नायलॉन

नाशिकरोड स्टेशनला उतरून रिक्षावाल्याला नुसतं "बिटको" म्हटलं तरी पुरतं. बिटको चौक, बिटको हॉस्पिटल, बिटको शाळा, बिटको कॉलेज... बाहेरगावच्या पाहुण्यांना वाटतं की बिटको हा कोणी इंग्रज साहेब होऊन गेला असणार. तसं काही नाही, मंडळी. बिटको म्हणजे काळं दंतमंजन. दात घासायची काळी पावडर बनवणाऱ्या कंपनीचं हे नाव, आणि ते नाशिकरोडच्या अंगात इतकं मुरलंय की आता कोणाला पावडर आठवतही नाही. रोज त्या चौकातून शेकडो मुलं कॉलेजला जातात. त्यातली किती जणं तोंड काळं करून दात पांढरे करण्याचा तो कार्यक्रम बघून आहेत, देव जाणे :)

परवा त्या चौकात सिग्नलला थांबलो होतो, तेव्हा डोक्यात एक किडा वळवळला. दंतमंजनावरून अख्ख्या चौकाचं नाव पडलं. टूथब्रशवरून नाव पडलेला एकही चौक मला माहीत नाही. मंजन बोटाने लावायचं. त्याला ब्रश लागतच नाही. मुंबईची माकडछाप काळी पावडर घ्या, विकोची वज्रदंती घ्या (१९५२ साली केशव विष्णू पेंढरकरांनी परळला सुरू केलेल्या कंपनीची), किंवा घरात कुटलेली राखुंडी घ्या, सगळा मामला बोटाचाच. आपल्याकडे टूथब्रश इतका उशिरा का आला? गरिबी हे एक कारण आहेच. पण घरात चांदीची भांडी असलेले लोकही बोटानेच दात घासत होते, त्यांचं काय?

मग जमेल तसं वाचत गेलो. वाचता वाचता माझी अशी खात्री झाली की या प्रश्नाचं उत्तर ब्रश कशाचा बनवलेला होता, यात आहे. टूथब्रशचा इतिहास म्हणजे माणूस आपल्या तोंडात काय जाऊ द्यायला तयार आहे, याचा इतिहास. तोच इथे थोडक्यात मांडतोय. थोडक्यात म्हणजे माझ्या थोडक्यात, घरच्यांना कल्पना आहेच.

सुरुवात काडीपासून.

आपल्या आयुर्वेदाच्या ग्रंथांनी दातवणाचा जेवढा बारकाईने विचार केलाय, तेवढा आज ब्रशच्या डब्यावरसुद्धा छापलेला नसतो. सुश्रुताच्या मते काडी बारा अंगुळं लांब, करंगळीच्या टोकाएवढी जाड, सरळ, गाठी नसलेली आणि ताजी हवी. झाड कुठलं? तेही चवीप्रमाणे सांगितलंय: कडूमध्ये कडुनिंब श्रेष्ठ, तुरटमध्ये खैर, गोडात मोह, तिखटात करंज. चरकाच्या आणि वाग्भटाच्या याद्यांमध्ये करंज, रुई, अर्जुन अशी झाडं येतात. वाग्भट तर दातवण कोणी करू नये हेही सांगतो: अजीर्ण झालेल्याने, उलट्या होणाऱ्याने, दमा-खोकला-ताप असलेल्याने, तोंड आलेल्याने. जीभ खरवडायच्या पट्टीसाठी चरक सोनं, चांदी, तांबं, कथील आणि पितळ हे धातू सांगतो. सुश्रुत चांदी-सोन्याबरोबर लाकडाचीही मुभा देतो. म्हणजे गरिबाची सोय आहे.

धर्मशास्त्रवाल्यांनी त्यावर आणखी नियम चढवले. प्रतिपदा, षष्ठी, नवमी, अमावास्या अशा काही तिथींना आणि उपासाच्या दिवशी काडीने दात घासायचे नाहीत, बारा चुळा भरायच्या. माझे आजोबा हे पाळायचे. पंचवटीतल्या आमच्या जुन्या वाड्याच्या मागे कडुनिंब होता, आणि अमावास्येला त्या निंबाला सुट्टी असायची.

पण या विषयात नाशिकचा संबंध आजोबांच्या निंबापेक्षा फार जुना आहे. मुंबईहून येताना उजव्या हाताला पांडवलेण्यांचा डोंगर लागतो. सगळ्यांनी शाळेच्या सहलीत तो चढलेला आहे. सातवाहन आणि क्षत्रपांच्या काळात, म्हणजे सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी, तिथे बौद्ध भिक्षू राहत होते. दगडात कोरलेल्या त्या खोल्या आणि निजायचे ओटे आपण बघतो, फोटो काढतो आणि खाली येतो. या माणसांची सकाळ कशी होत असेल, याचा विचार आपण करत नाही. ती दातवणाने होत असणार. दातवणाचे नियम भिक्षूंच्या आचारसंहितेत, म्हणजे विनयात, चक्क लिहून ठेवलेले आहेत. पाली विनयात त्यामागची गोष्टही आहे. काही वांड भिक्षू लांबच लांब काड्या वापरायचे आणि त्यांनीच धाकट्या श्रामणेरांना मारायचे. तेव्हा नियम झाला की काडी आठ अंगुळांपेक्षा लांब नको. मग एकाने इतकी आखूड काडी घेतली की ती घशात गेली. तेव्हा दुसरा नियम झाला, चार अंगुळांपेक्षा आखूड नको. नियम कसे जन्माला येतात याचं इतकं मनमोकळं वर्णन मी दुसरीकडे वाचलेलं नाही. आमच्या सोसायटीचे नियमही असेच झाले आहेत.

सातव्या शतकाच्या शेवटी इत्सिंग नावाचा चिनी भिक्षू भारतात येऊन राहिला. त्यानेही दातकाडीवर सविस्तर लिहिलंय. त्याचं माप जास्तीत जास्त बारा अंगुळं, कमीत कमी आठ. एक टोक हळूहळू चावून मऊ करायचं, दात घासायचे, मग काडी उभी चिरून, वाकवून तिनेच जीभ खरवडायची. माझ्या आजोबांची पद्धत हुबेहूब हीच होती! त्यांनी इत्सिंगचं नाव ऐकलेलं असण्याची शक्यता शून्य. तेराशे वर्षं एखादी सवय कुठल्याही पुस्तकाशिवाय हातातून हातात जाते ती अशी.

या काडीचे दोन गुण लक्षात ठेवा, पुढे लागणार आहेत. एक म्हणजे ती रोज नवी. उष्टी काडी पुन्हा तोंडात घालायचा प्रश्नच नाही, म्हणून शिवाशिवीच्या हिशोबात ती बिनतक्रार पास. दुसरा गुण म्हणजे ती फेकली की संपली. पांडवलेण्यांत दोन-तीन शतकं भिक्षूंनी रोज एकेक काडी फेकली असेल, त्यातली एकही आज डोंगरावर सापडायची नाही.

आता काडी सोडून ब्रशकडे. दांडीला आडवे केस बसवायची कल्पना चीनमधली. दहाव्या शतकातल्या एका कबरीत हाडाच्या दांड्या सापडल्या आहेत, त्यांना केसांसाठी पाडलेली भोकंही आहेत. १२२३ साली जपानचा झेन गुरू दोगेन चीनला गेला, तेव्हा तिथले भिक्षू घोड्याच्या शेपटीचे केस बसवलेल्या ब्रशने दात घासताना त्याने पाहिले. त्याला ते काही आवडलं नाही, तो काडीच्याच बाजूचा होता. पुढे घोड्याच्या मऊ केसांच्या जागी डुकराचे राठ केस आले. त्यातही उत्तर चीन आणि सैबेरियाच्या थंडीत वाढलेल्या डुकरांचे केस जास्त ताठ, म्हणून त्यांना भाव जास्त.

युरोपात या ब्रशचा कारखाना काढला तो विल्यम ॲडिस या इंग्रजाने, १७८० साली. दंगलीत सापडून तो तुरुंगात गेला, तिथे जेवणातलं हाड उचलून ठेवलं, त्याला भोकं पाडली, पहारेकऱ्याकडून राठ केस मागून घेतले आणि पहिला ब्रश केला, अशी त्याची गोष्ट सांगतात. गोष्ट किती खरी ते असो. कारखाना मात्र खरा आणि माल काय, तोही पक्का ठाऊक आहे. दांडी बैला-गाईच्या मांडीच्या हाडाची. हाड उकळून, चरबी काढून, कापून, घासून गुळगुळीत करायचं. डोक्याच्या बाजूला बारीक भोकं पाडायची. डुकराचे केस दुमडून तारेने त्या भोकांतून ओढून घ्यायचे. केस ओढायचं हे काम लंडनच्या गरीब वस्त्यांमधल्या बायका घरी बसून, नगावर करायच्या. सगळं एकोणिसावं शतक साहेबाच्या घरात असाच ब्रश होता.

म्हणजे बघा हं. गाईचं हाड आणि डुकराचे केस.

१८५७ साली काडतुसांना गाईची आणि डुकराची चरबी लावलेली आहे या बातमीवरून केवढं रान पेटलं ते आपण शाळेत शिकलोय. ती काडतुसं दाताने तोडायची होती, म्हणून तो भडका. आणि त्याच काळात साहेबाच्या न्हाणीघरात तेच दोन प्राणी एका दांडीवर एकत्र नांदत होते, आणि ती वस्तू रोज सकाळी दातांवरून फिरवायची होती. हिंदूला हाड नको, मुसलमानाला डुक्कर नको, आणि सोवळ्यातल्या माणसाला दोन्हीपेक्षा भयंकर वाटणारी गोष्ट तिसरीच: काल तोंडात घातलेली वस्तू धुऊन ठेवून आज पुन्हा तोंडात! उष्टं. अशा वस्तूसाठी आपल्याकडचं गिऱ्हाईक रांग लावून उभं असेल अशी अपेक्षाच चुकीची. बिटकोच्या काळ्या पावडरीला हे कुठलंच विघ्न नव्हतं. स्वतःचं बोट, त्यात आक्षेप कोण घेणार?

यात आणखी एक गोष्ट आहे, आणि ती सोवळ्याच्या विनोदात उडवून लावण्यासारखी नाही. डुकराचे केस भारतातूनही इंग्लंड-युरोपला जायचे. कानपूर हे त्या व्यापाराचं मोठं केंद्र होतं. केस उपटणं, धुणं, उकळणं, लांबीप्रमाणे निवडून जुड्या बांधणं, हे काम तिथल्या खटिक समाजाने केलं. साहेबाचे दात ज्या केसांनी चमकले ते केस ज्यांच्या हातून गेले, त्यांना इथे शिवतही नव्हते. म्हणजे ब्रश नाकारताना आपला समाज नुसता प्राणी नाकारत नव्हता, ते हातही नाकारत होता. कुठल्याही वस्तूबद्दल "हे कशाचं आहे?" असं विचारलं की त्याच्या पोटात "हे कोणी केलंय?" हा प्रश्न दडलेला असायचा. आपल्या घरातही तो असायचा, हे नातेवाईकांनी मनावर घेऊ नये, पण विसरूही नये.

मधल्या काळात दांडीचं रूप पालटलं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला हाडाच्या जागी सेल्युलॉइड यायला लागलं. हा माणसाने केलेल्या सुरुवातीच्या प्लॅस्टिकपैकी एक. कापसासारख्या तंतूंवर नायट्रिक आम्लाची प्रक्रिया करायची आणि त्यात चक्क कापूर मिसळायचा! हो, आरतीचाच कापूर. कापराशिवाय सेल्युलॉइड घडवता येत नसे. हस्तिदंतासारखं दिसायचं, हव्या त्या रंगात मिळायचं. दुर्गुण एकच, कापरासारखंच भस्सकन पेटायचं. तर दांडीतली गाय गेली. डोक्यावरचं डुक्कर मात्र अजून होतंच.

इकडे महाराष्ट्रात काडी आणि बोट दोघंही जोरात होते. काकासाहेब कालेलकर १९३० साली येरवड्याच्या तुरुंगात गांधीजींबरोबर होते. तिथली एक आठवण त्यांनी लिहून ठेवली आहे. दात घासून झाल्यावर काडी टाकायची नाही, चावलेलं टोक कापायचं आणि उरलेली काडी उद्या वापरायची, ती सुकून निरुपयोगी होईपर्यंत, असा गांधीजींचा आग्रह होता. झाडाची एक फांदी उगाच जाऊ नये म्हणून. आजोबांना हे पटलं नसतं (कालची काडी? शिव शिव!). मला मात्र ही आठवण आता वेगळ्या कारणाने महत्त्वाची वाटते. वस्तू कुठून आली याच्याइतकाच ती कुठे जाते याचाही हिशोब ठेवणारा माणूस त्यात दिसतो.

पण काडी-बोटाच्या काळाबद्दल फार हळवं व्हायचं कारण नाही. त्याच महाराष्ट्रात तव्यावर तंबाखू भाजून केलेली मशेरी घराघरांत होती. दात घासायच्या निमित्ताने बायकांना लागलेलं हे व्यसन. सकाळी एकदा, मग दुपारी, मग कामातून जरा टेकलं की पुन्हा. माझ्या ओळखीच्या एका काकूंचं "दात घासणं" दिवसातून पाच वेळा चालायचं आणि घरात कोणालाच त्यात वावगं वाटत नसे. तोंडाच्या कॅन्सरशी त्याचा संबंध आहे हे आता सगळ्यांना माहीत आहे. दंतमंजनात आणि टूथपेस्टमध्ये तंबाखू घालायला केंद्र सरकारने १९९२ साली बंदी घातली, पण घरच्या तव्यावर कोण बंदी घालणार? राखुंडीतली खरखरीत राख आणि कोळसाही वर्षानुवर्षं घासला की दातांचं कवच झिजवतो. तेव्हा झाडाचं आणि चुलीतलं ते सगळं चांगलंच, असं नाही.

आता या गोष्टीतला सगळ्यात मोठा दिवस. अमेरिकेतल्या ड्यूपाँ कंपनीत वॉलेस कॅरदर्स नावाचा रसायनशास्त्रज्ञ होता. त्याच्या प्रयोगशाळेत २८ फेब्रुवारी १९३५ रोजी नायलॉन तयार झालं. त्याचा पहिला उपयोग लोक बायकांच्या पायमोज्यांचा समजतात. पण मोजे नंतर आले, १९४० साली. नायलॉन दुकानात सगळ्यात आधी आलं ते २४ फेब्रुवारी १९३८ रोजी, टूथब्रशच्या रूपात. "डॉक्टर वेस्ट्स मिरॅकल टफ्ट" असं त्या ब्रशचं नाव. बिचारा कॅरदर्स ते बघायला नव्हता. नैराश्याने खचून त्याने एप्रिल १९३७ मध्ये आत्महत्या केली होती. आज जगभर सकाळी उठून लोक ज्या पदार्थाने दात घासतात त्याच्या जनकाची ही कथा आहे.

नायलॉनने काय बदललं? डुकराचा केस पाणी धरून ठेवतो, लवकर सुकत नाही, तुटतो, गळतो. शिवाय प्रत्येक केस वेगळा. नायलॉन वितळवून बारीक भोकांतून ओढलं की हव्या त्या जाडीचा एकसारखा धागा निघतो. पहिले धागे फार जाड होते, हिरड्या सोलवटायच्या. १९५० च्या सुमारास कॅलिफोर्नियातल्या रॉबर्ट हटसन या दंतवैद्याने बारीक, मऊ नायलॉनचा ब्रश काढला आणि पुढे धाग्यांची टोकं घासून गोल करायची पद्धत आली. दरम्यान जपानने चीनवर आक्रमण केल्यामुळे आणि मग महायुद्धामुळे चिनी डुकरांच्या केसांची आवक आटलीच होती. एका बाजूने माल आटला आणि दुसऱ्या बाजूने पर्याय तयार होता.

पण आपल्याकडे नायलॉनने जे केलं ते याहून निराळं होतं, असं माझं मत आहे. आणि ते मत मला आमच्या आजीने दिलं. १९७० च्या आसपास वडिलांनी घरात पहिल्यांदा ब्रश आणले. आजीने एक हातात घेतला, बोटाने केस चाचपले.

"कशाचे रे केस हे?"

"नायलॉनचे."

"म्हणजे कुठल्या जनावराचे?"

"जनावर नाही गं आई. कारखान्यात होतात."

"मग चालतील."

एवढं बोलून तिने तो खाली ठेवला आणि राखुंडीची डबी उघडली. तिच्या तोंडात तेव्हा चारच दात उरले होते, त्यामुळे प्रश्न तात्त्विक होता :) पण तिने परवानगी दिली आणि घरात ब्रश आला. हा संवाद वडील अनेकदा हसत सांगायचे. मला त्यात सगळा इतिहास दिसतो. नायलॉन कोणाचंच नव्हतं. झाडाचं नाही, जनावराचं नाही, अमक्या जातीच्या हातचं नाही. कारखान्यातून आलं की त्याचं मागचं सगळं पुसलं जातं. ज्या समाजात प्रत्येक वस्तूला सोवळं-ओवळं चिकटलेलं होतं, तिथे असा बिनवारशाचा पदार्थ बेधडक आत शिरला. उष्ट्याचा प्रश्न उरलाच होता, पण तो घराघराने गुपचूप सोडवून टाकला: प्रत्येकाचा रंग वेगळा. आमच्याकडे वडिलांचा निळा, आईचा लाल, माझा पिवळा, आणि मोरीच्या फळीवर एकाला दुसरा लागणार नाही अशी मांडणी.

जाहिरातींचा वाटाही होताच. कोलगेट १९३७ पासून भारतात होती. १९५२ च्या डिसेंबरात रेडिओ सिलोनवर बिनाका गीतमाला सुरू झाली आणि अमीन सयानींच्या आवाजातून टूथपेस्टचं नाव दर आठवड्याला घरात यायला लागलं. बिनाकाच्या खोक्यात प्लॅस्टिकचे छोटे प्राणी मिळायचे, ते माझ्या चुलतभावाने अजून जपून ठेवलेत (मागितले तर देत नाही). पेस्ट आली की ती बोटावर घ्यायला विचित्र वाटतं, तिला ब्रशच लागतो. बिटकोच्या डबीचा शेवट तिथे सुरू झाला असावा.

आज आपल्या हातात जो ब्रश असतो तो कशाचा असतो? अंबडच्या एमआयडीसीत मोल्डिंग मशीनवर आयुष्य काढलेला माझा एक मित्र आहे. त्याला एक जुना ब्रश दिला. त्याने तो पक्कडीने मोडून दाखवला. दांडी पॉलिप्रॉपिलीनची, म्हणजे साधारण आपल्या जेवणाच्या डब्यांचं प्लॅस्टिक. दाणे वितळवून दोनशे अंशांच्या वर तापलेला रस साच्यात दाबायचा, पाण्याने साचा थंड करायचा, दांडी बाहेर. अंगठ्याखाली जो मऊ रबरी भाग असतो तो दुसऱ्या प्लॅस्टिकचा, वरून ओतलेला. केस नायलॉनचे, काही ब्रशांत पीबीटी नावाच्या पॉलिस्टरचे. आणि प्रत्येक झुबक्याच्या बुडाशी एक इवलीशी धातूची पट्टी! केसांचा झुबका मधोमध दुमडून त्या पट्टीने भोकात ठोकून बसवलेला असतो. ॲडिसच्या काळातली दुमडलेल्या केसांची आणि तारेची युक्तीच, फक्त मशीनवर. इतकी वर्षं ब्रश तोंडात घातला, पण त्यात धातू आहे हे मला माहीत नव्हतं. तुम्हीही एखादा जुना मोडून बघा.

"याचं पुन्हा काही करता येतं का?" मी विचारलं. तो म्हणाला, "चार पदार्थ एकमेकांत घट्ट बसवलेत. सुटे करायला बसलास तर ब्रशच्या किमतीपेक्षा मजुरी जास्त. भंगारवालाही घेत नाही."

आपली आईवर्गातली मंडळी मात्र हार मानत नाहीत. ब्रश म्हातारा झाला की तो केसांना कलप लावायला. तिथून शिलाई मशीनचा खाचा साफ करायला. मग सायकलच्या चेनला. केस पार झडले की दांडीच्या भोकात नाडी अडकवून परकरात ओवायला. हा शेवटचा उपयोग शोधून काढणाऱ्या अज्ञात बाईला मी कॅरदर्सच्या शेजारी बसवीन. हल्लीच्या दांड्यांना ते भोक नसतं, आणि हल्ली नाडी ओवायचीही वेळ क्वचित येते. त्यामुळे ब्रश सरळ घंटागाडीत जातो.

घंटागाडी कुठे जाते? आपल्या नाशिकचा सगळा कचरा जातो पाथर्डीच्या खतप्रकल्पावर. आणि पाथर्डी कुठे? पांडवलेण्यांच्या जवळच. मध्ये एकदा लेणी चढून गेलो होतो तेव्हा वरून त्या दिशेला बघत बराच वेळ बसलो. वर ज्यांनी शतकानुशतकं रोज एक काडी टाकली त्यांचं काही उरलं नाही, आणि खाली माझ्या एका आयुष्यातले सगळे ब्रश. तीन-चार महिन्यांनी बदलायचा या हिशोबाने वर्षाला तीन-चार, पन्नास वर्षांत दीडशे-दोनशे. फक्त माझे. पॉलिप्रॉपिलीन आणि नायलॉन कुजत नाहीत, नुसते तुटून बारीक होतात. आजी जे म्हणाली होती, "मग चालतील", ते नायलॉनच्या ज्या गुणामुळे, तोच गुण आता उलटा फिरलाय. जे कोणाचंच नाही ते मातीचंही नाही, आणि माती ते परत घ्यायला तयार नाही.

बांबूचे ब्रश आता मिळतात, मीही एक आणला. दांडी बांबूची असली तरी केस बहुतेकदा नायलॉनचेच असतात, ते फेकण्याआधी पक्कडीने उपटून काढावे लागतात. काही ठिकाणी एरंडेलापासून निघणाऱ्या घटकांचं नायलॉन वापरतात. म्हणजे आजीचं एरंडेल शेवटी ब्रशात आलं. पण एरंडेलापासून केलं म्हणून ते मातीत कुजतंच असं नाही, हे तिथे छापलेलं नसतं. आणि पूर्णपणे कुजणारे, चांगले टिकणारे, जुने, खात्रीचे केस हवे असतील तर काही परदेशी कंपन्या अजून विकतात. कशाचे ते ओळखा. डुकराचे.

मी दातवणाकडे परत जाईन का? नाही. माझ्या दंतवैद्याने मऊ ब्रश हातात दिला आणि माझ्या हिरड्या त्यानेच वाचल्या आहेत. शिवाय पंचवटीचा तो वाडाही गेला आणि कडुनिंबही. पण वस्तू विकत घेताना आजीसारखं हातात धरून विचारायची सवय लावून घेतोय. तिने "कशाचं?" विचारलं, त्यात जातीचं विष होतं, ते टाकून द्यायचं. पण विचारणं टाकायचं नाही. कशाचं, कोणी केलं, त्याला किती मिळाले, आणि माझं काम झाल्यावर हे कुठे जाणार? अर्ध्या प्रश्नांची उत्तरं मिळत नाहीत. दुकानदार तर वेड्यासारखा बघतो.

असो. फार लांबलं. जाता जाता घरच्या मंडळींना एक विचारायचं आहे. आजोबांकडे जीभ खरवडायची तांब्याची पट्टी होती, त्यांच्याही वडिलांकडून आलेली. वाटणीनंतर ती कोणाकडे गेली? चार पिढ्या वापरून झाली तरी अजून चालत असेल, मला खात्री आहे. कोणाकडे असेल तर निदान फोटो तरी पाठवा. आणि बाकीच्या वाचकांनो, तुमच्या घरात पहिला ब्रश कधी आला आणि तेव्हा कोण काय म्हणालं, हे आठवत असेल तर जरूर लिहा. विशेषतः घरातल्या आज्या काय म्हणाल्या ते.